सौर विजेचा अंदाज महिन्यावार लिहून मागा

मा. संपादक,

घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवायला अनुदान देणारी प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते आणि त्यापुढे ते वाढत नाही, म्हणून घरगुती कोटेशने बहुधा तीन किलोवॅटचीच असतात. पॅनेलची कंपनी, इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करून देणाऱ्या यंत्राची) हमी, सांगाड्याचे पाइप हे सगळे त्यांत तपशिलाने लिहिलेले असते. वीज किती मिळणार या ओळीत मात्र एकच आकडा असतो. किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट. कोणी धाडस करून पाच लिहितो. गिऱ्हाईक त्याला तीसने गुणते, आणि जुलैचे बिल हातात पडले की भांडण सुरू होते.

चार युनिट हा आकडा खोटा नाही. फारशी सावली नसलेल्या छपरासाठी वर्षाची सरासरी म्हणून तो गोव्याला चांगला लागू पडतो. पण ती सरासरी आहे, आणि गोव्यासारख्या वर्षातले चार महिने ढगाखाली काढणाऱ्या प्रदेशात सरासरीवर घरचा हिशेब बसत नाही. हा आकडा कुठून येतो आणि कुठे ढळतो, हे पॅनेल घेणाऱ्यालाही कागद-पेन्सिल घेऊन पाहता येते.

सुरुवात उन्हापासून. पॅनेलवरचे ५४० वॅट हे प्रयोगशाळेतले माप आहे: दर चौरस मीटरला १,००० वॅट ऊन आणि पॅनेलच्या आतील सेलचे तापमान २५ अंश. दिवसभरात पडलेले कमीजास्त ऊन या पूर्ण उन्हाच्या तासांत मोजले की हिशेब सोपा होतो. गोव्यात दक्षिणेकडे दहा-पंधरा अंश कललेल्या पॅनेलवर वर्षभराची सरासरी दिवसाला साधारण साडेपाच तास येते. मार्च-एप्रिलात ती साडेसहा ते सातपर्यंत चढते, जुलैत साडेतीन-चारवर उतरते. डिसेंबरात दिवस लहान, पण आकाश निरभ्र आणि पॅनेल सूर्याकडे कललेले, त्यामुळे तेव्हाही साडेपाचच्या वर मिळतात.

आता ५४० वॅटची सहा पॅनेले घ्या. झाले ३.२४ किलोवॅट. साडेपाच तास गुणिले ३६५ म्हणजे वर्षाला सुमारे २,००७ तास, आणि त्याला ३.२४ ने गुणले की ६,५०० युनिट. हे कागदावरचे. यातून घट काढायची, आणि ती बेरीज करून एकदम काढायची नाही. एकेक गुणाकार करत जायचे, कारण प्रत्येक घट आधीच्या घटीनंतर उरलेल्या विजेवर लागते.

सर्वांत मोठी घट उष्णतेची. ऊन वाढले की वीज वाढते, पण पॅनेल तापले की कमी होते. हवा ३२ अंश आणि ऊन ९०० वॅट असेल तेव्हा मोकळ्या हवेत बसवलेल्या पॅनेलचे सेल ६० अंशांवर जातात, म्हणजे मापाच्या तापमानापेक्षा ३५ अंश जास्त. आजच्या सर्वसाधारण मोनो पॅनेलची क्षमता दर अंशाला ०.३४ टक्के घटते. त्या क्षणी घट झाली १२ टक्के. सकाळ-संध्याकाळ आणि पावसाळा धरून वर्षाची सरासरी दहाच्या आसपास धरावी. टॉपकॉन या नव्या प्रकारच्या पॅनेलमध्ये हा दर ०.३० च्या आसपास असतो. कोकणपट्टीच्या हवेत तेवढा फरक घेण्याजोगा आहे, फक्त त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नयेत. पत्र्याला चिकटवून बसवलेले पॅनेल याहून जास्त तापते. खाली निदान चार ते सहा इंच हवा खेळायला हवी.

बाकीच्या घटी लहान आहेत, पण मिळून मोठ्या होतात. धूळ ३ टक्के, तिरक्या उन्हाचे काचेवरून परावर्तन ३, इन्व्हर्टर ३, तारा २, पॅनेलांमधला परस्पर फरक २, सुरुवातीच्या उन्हात सेलची होणारी घसरण दीड, वीज खंडित असताना बुडणारे उत्पादन २. म्हणजे ०.९० गुणिले ०.९७, पुन्हा ०.९७, पुन्हा ०.९७, मग ०.९८ तीन वेळा, शेवटी ०.९८५. उत्तर येते ०.७६. कागदावरच्या ६,५०० युनिटांचे ४,९५० झाले. किलोवॅटमागे वर्षाला १,५३०, दिवसाला ४.२. सावलीचे पाच टक्के कापले की बरोबर चारवर येतो. विक्रेत्याच्या चार युनिटांचे मूळ हे. पाच लिहिणाऱ्याला एवढेच विचारावे की यातली कोणती घट तुमच्या पॅनेलला लागत नाही.

हाच हिशेब महिन्यावार केला की खरे चित्र दिसते. याच सहा पॅनेलांतून मार्चमध्ये ५०० च्या वर युनिट मिळतील, डिसेंबरात ४३०-४४०, आणि जुलैत ३०० च्या आसपास किंवा त्याखाली. चवथीपर्यंत हात आखडताच राहतो. पावसाळ्यात पॅनेल थंड आणि धुतलेले असते, त्याचा थोडा फायदा होतो. पण ढग खातात त्याची भरपाई त्यातून होत नाही. सुदैवाने गोव्यातल्या घरांचा वापर एप्रिल-मेमध्ये चढतो, वातानुकूलन यंत्रे तेव्हाच चालतात. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे बाहेर दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याच्या पद्धतीत, जास्तीची युनिटे पुढच्या बिलांत जमा होत जातात आणि उरलेल्यांचा हिशेब वर्षअखेरीस लागतो. म्हणून पॅनेल किती घ्यायचे हे ठरवताना मागच्या बारा महिन्यांची बिले शेजारी ठेवून महिन्याला महिना लावावा. एका मेच्या बिलावरून क्षमता ठरवली तर ती हमखास जास्त होते.

हे गणित हाताने करायचे नसेल तर तीन संकेतस्थळे फुकट आहेत: जागतिक बँकेचा ग्लोबल सोलर अ‍ॅटलस, युरोपीय आयोगाचे पीव्हीजीआयएस आणि अमेरिकेचे पीव्हीवॉट्स. उपग्रहाच्या नोंदींवरून ती महिन्यावार तक्ता काढून देतात. दोन ठिकाणी मात्र नेहमी चूक होते. पहिली दिशेची. पीव्हीवॉट्स आणि ग्लोबल सोलर अ‍ॅटलसमध्ये दक्षिण म्हणजे १८०, पण पीव्हीजीआयएसमध्ये दक्षिण म्हणजे शून्य. तिथे १८० टाकले की छप्पर उत्तरेकडे तोंड करते आणि आकडा मुकाट्याने कमी येतो. दुसरी चूक घटीची. पीव्हीवॉट्स आणि पीव्हीजीआयएसमध्ये आधीच भरलेली १४ टक्के घट ही धूळ, तारा वगैरेंची असते. उष्णतेची घट ती स्वतः वेगळी मोजतात. ‘एकूण पंचवीस टक्के जातात’ असे ऐकून कोणी तिथे २५ भरले तर उष्णता दोनदा कापली जाते. पीव्हीवॉट्सच्या १४ टक्क्यांत सावलीचे तीन आधीच धरलेले असतात, तेही ध्यानात ठेवावे. तिथेच बसवण्याच्या पद्धतीत पत्र्यालगतच्या पॅनेलसाठी ‘रूफ माउंट’ निवडावे, ‘ओपन रॅक’ निवडू नये.

यापुढचे मात्र या संकेतस्थळांना नीट कळत नाही, आणि गोव्यात अंदाज चुकतो तो मुख्यतः इथेच. सावली.

आपली घरे माडाफोफळींत आहेत. सावईवेरे, प्रियोळच्या कुळागरांतली घरे तर दरीच्या कुशीत. डोंगरामुळे सकाळी आठपर्यंत ऊन आले नाही तर फारसे बिघडत नाही, कारण त्या वेळचे ऊन तिरके आणि दुबळे असते. वर्षाला दोन-तीन टक्के गेले असे समजावे. दिवसाच्या उत्पादनाचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग नऊ ते चार या वेळेत येतो, आणि त्या वेळेत पडणारी माडाची एक झावळीसुद्धा महाग पडते.

सावली डिसेंबरात मोजावी. गोवा साडेपंधरा अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ५१ अंशांवरच असतो. घड्याळाचा काटाही इथे फसवतो: भारतीय प्रमाणवेळेची रेषा आपल्या बरीच पूर्वेला असल्याने गोव्यात सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या आसपास, फेब्रुवारीत तर पावणेएकच्याही नंतर. डिसेंबरात सकाळी साडेनऊला सूर्य ३१ अंशांवर, आग्नेयेला असतो आणि सावली उंचीच्या पावणेदोन पटींच्या जवळ पडते. म्हणजे छपराच्या पातळीपेक्षा सहा मीटर वर गेलेला आग्नेयेकडचा माड दहा मीटरपर्यंत सावली टाकतो. गच्चीच्या दक्षिण बाजूला एक मीटरचा कठडा असेल तर त्याच्यापासून सव्वा मीटर जागा सोडावी, नाहीतर पॅनेले कठड्याच्या उंचीवर उचलावीत. पाण्याच्या टाकीलाही हाच हिशेब. टाकी उत्तरेला हलवणे हा कित्येक घरांत सर्वांत स्वस्त उपाय ठरतो, तो कोटेशनमध्ये कधी दिसत नाही.

मोबाइलवर सूर्यमार्ग दाखवणारी अ‍ॅप मिळतात. पॅनेलच्या उंचीवर, नियोजित जागेच्या चारही कोपऱ्यांत उभे राहून पाहावे. पत्र्याच्या छपरावर मोबाइलचे होकायंत्र भरकटते, म्हणून दिशा अंगणात उतरून पक्की करावी. आणि माड वाढतो. आंबा, फणस तर दरवर्षी पसरतात. आज शेंड्याशी निसटती जाणारी सावली पाच वर्षांनी पॅनेलच्या मध्यावर असेल, आणि झाड शेजाऱ्याच्या भाटातले असेल तर फांदी तोडायची म्हणून बोलणे आलेच.

थोड्या सावलीने इतके का जाते? सहा पॅनेले एका ओळीत जोडलेली असतात, सगळ्यांतून एकच प्रवाह जातो. प्रत्येक पॅनेलमध्ये साधारण तीन बायपास डायोड असतात. ते झाकलेला भाग वगळून प्रवाह पुढे नेतात. सावली एकाच पॅनेलवर असेल तर नुकसान त्या पॅनेलापुरते राहते. पण कठड्याची सावली सहाही पॅनेलांच्या खालच्या कडेवर सारखी पसरली, तर झाकलेला भाग लहान दिसत असूनही सगळ्या ओळीचे उत्पादन एकदम निम्म्यावर येऊ शकते. अशा जागी पॅनेलागणिक ऑप्टिमायझर किंवा मायक्रोइन्व्हर्टर, म्हणजे प्रत्येक पॅनेलची वीज स्वतंत्रपणे हाताळणारे छोटे यंत्र, सुचवला जातो. त्याने एका पॅनेलचा त्रास दुसऱ्याला होत नाही एवढेच. झाडाने अडवलेले ऊन तो परत आणत नाही.

दिशेबद्दल उगाच भीती आहे. मंगळुरी कौलांच्या छपराला पूर्व-पश्चिम उतार असला तरी दक्षिणेच्या तुलनेत नुकसान पाच-सात टक्क्यांचे. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य गोव्यात डोक्याच्या उत्तरेलाच असतो, त्यामुळे उत्तरेचा उतारही तेव्हा चांगला चालतो. मात्र २५ अंशांचा तीव्र उत्तर उतार डिसेंबर-जानेवारीत दक्षिण उताराच्या निम्म्याहून थोडेच जास्त देतो. तिथे उतार दहा अंशांपर्यंत कमी करून पॅनेल लावणे बरे, किंवा जागा बदलणे. सपाट गच्चीवर दहा अंशांखाली जाऊ नये. पाऊस पॅनेल धुतो खरा, पण उतार कमी असला की खालच्या चौकटीपाशी पाणी साचते, तिथे माती धरते आणि पावसाळ्यात शेवाळ. ही पट्टी बोटभर रुंद असली तरी सेलच्या खालच्या ओळीवर कायमची सावली होऊन बसते.

धुळीचे तीन टक्के सगळीकडे सारखे धरू नयेत. डिचोली, सांगे भागात खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यालगत तांबडी धूळ बसते. तिथे नोव्हेंबर ते मे पंधरवड्याला धुतले नाही तर घट सहज दुप्पट होते. पहाटे किंवा ऊन उतरल्यावर धुवावे. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. किनारपट्टीवर विहिरीचे पाणी मचूळ असेल तर तेही नको, पांढरे डाग राहतात. किनाऱ्यापासून जवळच्या घरांनी पॅनेलला खाऱ्या हवेची चाचणी, आयईसी ६१७०१, झाली आहे का हे विचारावे आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच मागावेत. गंजलेले जोड, पाणी शिरलेले कनेक्टर यांनी होणारी घट अंदाजाच्या कोणत्याच ओळीत नसते, ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी उगवते.

वीज खंडित होण्याचे दोन टक्के शहरासाठी ठीक. वीज गेली की हा इन्व्हर्टर, भर उन्हात असला तरी, बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या सुरक्षेसाठी तो तसा बनवलेलाच असतो. पुन्हा वीज आल्यावरही काही मिनिटे थांबून सुरू होतो. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या वाड्यांवर तीन-चार टक्के धरावेत.

याहून लपलेला दोष व्होल्टेजचा. २३० व्होल्टवर दहा टक्के म्हणजे २५३ च्या वर गेले की इन्व्हर्टर स्वतःला तोडतो. ट्रान्सफॉर्मरजवळच्या घरात, किंवा लांब वाहिनीच्या टोकाला बरीच घरे एकाच वेळी वीज बाहेर देत असताना, व्होल्टेज दुपारीच चढते, म्हणजे ऐन पिकाच्या वेळी. त्यात घरातली तार बारीक असली की भर पडते. तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर १३ अँपिअर देतो. मीटरपासून ३० मीटरवर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असेल तर इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज मीटरपेक्षा सहा-साडेसहा व्होल्ट जास्त दिसते. ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत ते अडीच-पावणेतीन व्होल्टवर येते. मीटरवर २४८ व्होल्ट असतील तर पहिल्या घरात रोज दुपारी खंड पडणार आणि दुसऱ्या घरात नाही. बसवण्याआधी एखाद्या रविवारी दुपारी मीटरपाशी व्होल्टेज मोजून घ्यावे. पाच मिनिटांचे काम आहे.

बसवल्यानंतर पडताळा कसा घ्यावा? जानेवारीच्या निरभ्र दिवशी साडेबारा-पाऊणला ३.२४ किलोवॅटच्या संचाच्या इन्व्हर्टरवर २.४ ते २.६ किलोवॅट दिसले तर सगळे ठीक आहे. ३.२४ दिसत नाही म्हणून तक्रार करू नये. ऊन कडक असताना दोनच्या खाली राहिले तर एखादे पॅनेल किंवा जोड तपासावा. अ‍ॅपमधला आलेख रोज ठराविक वेळी खचत असेल तर ती सावली. वेडावाकडा खचत असेल तर ढग. सपाट शून्यावर पडून काही मिनिटांनी उठत असेल तर व्होल्टेज किंवा पुरवठा.

उत्पादन मोजताना एक घोटाळा फार होतो. दुहेरी मीटरवरचे बाहेर दिलेले युनिट म्हणजे एकूण उत्पादन नव्हे. दुपारी फ्रीज, पंप, वातानुकूलन यांनी घरातच खाल्लेली सौर वीज त्या मीटरपर्यंत पोचतच नाही. महिन्याला ४०० युनिट बनली आणि बाहेर २५० गेली, तर ‘पॅनेल २५० च देते’ ही तक्रार चुकीची ठरते. आकडा इन्व्हर्टरचा किंवा सौर मीटरचा घ्यावा.

पैशांचा हिशेबही याच तक्त्यावर करावा. गोव्यात घरगुती दर टप्प्यांचा आहे. वाचलेली युनिटे आधी वरच्या, महाग टप्प्यातली जातात, मग खालची, स्वस्त. तेव्हा एकूण युनिट गुणिले सर्वांत चढा दर असे केले की परतफेडीची वर्षे कागदावर भराभर आटतात. स्थिर आकार तर राहतोच, ‘शून्य बिल’ छापणाऱ्यांनी तो कुठे ठेवला कोण जाणे. पहिल्या वर्षी दोन टक्क्यांपर्यंत आणि पुढे दरसाल अर्धा टक्का पॅनेलची क्षमता घटते, ती धरून दहाव्या वर्षी ४,९५० चे ४,६५० च्या आसपास राहतील. दोन्ही बाजूंनी वीज देणाऱ्या बायफेशियल पॅनेलसाठी कोणी वीस-तीस टक्के जास्त लावत असेल तर ते घरगुती छपरावर मिळत नाहीत. पत्र्यालगत तर जवळजवळ काहीच नाही.

वीज खात्याने आणि गोवा ऊर्जा विकास एजन्सीने दोन गोष्टी कराव्यात. कोटेशनच्या नमुन्यात पॅनेलांचा उतार, दिशा, नऊ ते चारमधली सावली, धरलेल्या घटी आणि बारा महिन्यांचे अंदाजित युनिट हे रकाने सक्तीचे करावेत. त्याशिवाय अर्ज पुढे सरकू नये. दुसरे, सरकारी इमारतींवर सौर संच आहेत, त्यांची नोंद होतेच. त्या संचांचे किलोवॅटमागे महिन्याचे युनिट तालुकावार संकेतस्थळावर टाकावेत. पेडण्यातल्या माणसाने पेडण्यातल्या छपराचा जुलैचा आकडा पाहावा आणि मग विक्रेत्याचा कागद उघडावा.

आपला,
एक विद्युत अभियंता, फोंडा